ब्राझीलचा म्हणून घेतलेला पिवळा पक्षी: वाटीतले पाणी पिवळे का होते?

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी. पक्ष्यांतले मला काही कळत नाही, म्हणून इथे विचारते. जरा लवकर सांगितलेत तर बरे होईल, कारण जीव पिंजऱ्यात आहे.

माझा पुतण्या नऊ वर्षांचा. फुटबॉलशिवाय त्याला दुसरे काही सुचत नाही. ब्राझीलची पिवळी जर्सी अंगावरून उतरवत नाही, धुवायलासुद्धा देत नाही. त्याला मैदानावर कोणी मोठ्या मुलाने सांगितले की ब्राझीलच्या टीमला तिकडे 'कानारिन्यु' म्हणतात, म्हणजे छोटा पिवळा पक्षी. तेव्हापासून एकच धोशा, मला तो पक्षी पाहिजे. गेल्या आठवड्यात जत्रेत एक माणूस पिंजरे मांडून बसला होता. हिरवे, गुलाबी, पिवळे पक्षी. पिवळा तो ब्राझीलचा कॅनरी, असे त्याने छातीठोक सांगितले. सासऱ्यांनी नातवासाठी साडेचारशे रुपये मोजले आणि पिंजरा घरी आला.

काल सकाळी पाण्याची वाटी बदलायला गेले तर पाणी पिवळे. मला वाटले, घाण केली असेल. वाटी घासून स्वच्छ पाणी ठेवले. दुपारी तो वाटीत उतरला, पंख फडफडवून मनसोक्त आंघोळ केली, आणि पाणी पुन्हा हळद कालवल्यासारखे. ओला झाल्यावर छातीची पिसे बाजूला झाली तेव्हा आत मळकट पांढरे दिसले. पाठ आणि पंख तर आता तपकिरीच वाटायला लागलेत. चिमणीपेक्षा बारीक आहे, शेपटी टोकदार, चोच जाड आणि खालची बाजू निळसर करडी. गाणे असे काही म्हणत नाही, बारीक चिरचिरतो तेवढेच.

ब्राझीलचा पक्षी असा असतो का? त्याला खायला काय घालू? आणि हा रंग का जातो आहे? मुलगा सारखा विचारतो, माझ्याकडे उत्तर नाही.

करमळीचा दुर्बीणवाला

ताई, तो ब्राझीलचा नाही. कॅनरीही नाही. तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की फोटोची गरजच नाही. ती आपली पांढऱ्या पाठीची मनोली आहे, मुनिया म्हणतात ती. आपल्याच शेताच्या बांधावरून जाळ्यात धरून रंगाच्या पाण्यात बुडवलेली. हिरवे आणि गुलाबी म्हणून जे होते तेही बहुतेक तेच. असा धंदा देशभर चालतो.

आता काय करायचे ते सांगतो. साबण लावून धुऊ नका, रंग काढायचा म्हणून चोळू तर मुळीच नका. एवढासा जीव भिजून गारठला की जातो. राळे मिळाले तर राळे घाला, नाहीतर बारीक बाजरी, आणि उथळ भांड्यात पाणी. पिंजरा माणसांच्या येण्याजाण्यापासून लांब, अर्ध्या उजेडात ठेवा. आणि उद्याच जवळच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसात नेऊन द्या. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आपल्याकडचा रानटी पक्षी पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. तुम्ही फसलात म्हणून आणून दिलात असे सरळ सांगा. माणूस कुठे बसला होता तेही सांगा, बाकीचे पिंजरे तरी सुटतील.

स्वतः बागेत सोडून देऊ नका. पिवळाधमक पक्षी तपकिरी थव्यात शिरला की शिकऱ्याच्या नजरेत आधी तोच भरतो. रंगवलेली पिसे पुढच्या पीसगळीत झडतील आणि खाली स्वतःची येतील, तोवर कोणीतरी सांभाळायला हवा.

सावईवेऱ्याचा तारवटी

ताई, मनोलीचे भाऊंनी सांगितले ते अक्षरशः तसेच करा. मी दुसऱ्या पक्ष्याबद्दल लिहितो, ज्याच्या नावावर तुमच्याकडून पैसे घेतले त्याच्याबद्दल. मी त्याला पुष्कळ पाहिला आहे. मुलाने जो मागितला तो खरा कसा असतो हे त्याला कोणीतरी नीट सांगायला हवे. लांबेल, पण वाचून दाखवा.

मी सत्तावीस वर्षे बोटीवर होतो, इंजिनात. धान्याच्या बोटी. ब्राझीलच्या दक्षिणेला पारानाग्वा नावाचे बंदर आहे, तिथे सोयाबीन भरायला आम्ही कितीदा गेलो याचा हिशेब नाही. नंबर लागेपर्यंत बाहेर नांगर टाकून पंधरा पंधरा दिवस पडून राहायचे. एकदाची बोट धक्क्याला लागली की मी गेटबाहेर पाय मोकळे करायला जायचो. तिथे रेल्वेचे रूळ आहेत आणि रुळांच्या मधे मालगाडीतून सांडलेले दाणे. पहिल्या खेपेला मला लांबून वाटले की फणसाची पिकली पाने पडली आहेत. जवळ गेलो तर पाने उडाली आणि तारेवर जाऊन बसली.

मग मी रोज तिथे जाऊन बसू लागलो. एक नर माझ्यापासून दोन वावांवर येऊन टिपायचा. अंग सगळे पिवळे, आणि कपाळापासून टाळूपर्यंत अबोलीच्या फुलासारखा केशरी. त्या केशरीवरूनच त्याला ओळखायचे. पाठीवर हिरवट झाक, पंख आणि शेपटी काळपट, पण एकेका पिसाला पिवळी किनार, जशी साडीला असते. डोळा काळाभोर. चोच लहान, बुडाशी रुंद, वरचा भाग गडद आणि खालचा फिका. दाणा चोचीच्या कडेला धरायचा, जीभ आणि जबडा हलवून फिरवायचा, आणि फोल बाहेर. फोल चोचीच्या कोपऱ्याला चिकटून राहायचे, ते तो रुळाच्या लोखंडावर पुसून टाकायचा. एकदा इकडून, एकदा तिकडून. जेवून तोंड पुसावे तसे. अंगाने केवढा? सुमारे 14 सेंटीमीटर लांब आणि 20 ग्रॅमच्या आसपास वजन. आपल्या चिमणीपेक्षा हलकाच.

आणि ताई, त्याच्या बाजूला नळाखाली डबके होते, त्यात ते आंघोळ करायचे. पाणी जसेच्या तसे. त्याचा पिवळा रंग पिसाच्या आत असतो. पक्षी तो रंग स्वतः तयार करू शकत नाही, खाण्यातून घेतो आणि पीस उगवताना त्यात भरतो. गाजर, पिकला आंबा, पिवळे झालेले पान, यांत जी द्रव्ये असतात त्याच जातीची ही. तुमच्या वाटीत उतरला तो रंग बाहेरून फासलेला होता.

नावाचे सांगतो. धक्क्यावरच्या मुकादमाला मी बोट दाखवून विचारले. तो म्हणाला, 'कानारियु द तेर्रा'. माझ्या आजीच्या तोंडी पोर्तुगीज असायची, त्यामुळे 'तेर्रा' म्हणजे जमीन, मुलूख, हे मला कळले. मुलखातला कानारियु. मग पिंजऱ्यातला कॅनरी कोण? तर 'कानारियु दु रेइनु', म्हणजे राज्याचा, पोर्तुगालहून आलेला. तो मूळ कॅनरी बेटांचा, मदेरा आणि आसोरिश बेटांचा. युरोपातल्या लोकांनी शेकडो वर्षे पिंजऱ्यात वाढवलेला तोच. ब्राझीलमध्ये उतरलेल्या पोर्तुगिजांना तिथे एक पिवळा गाणारा पक्षी दिसला, त्यांनी आपल्या घरच्या पक्ष्याचे नाव त्याला दिले आणि पुढे 'इथला' असे जोडले.

त्याच दिवशी खानावळीत मासळीवर घालायला काळी मिरी मागितली, तर तिचे नाव 'पिमेंत दु रेइनु'. माझ्या कुळागरात पोफळीवर चढलेली ही वेल! मिरी आपल्या किनाऱ्यावरची, पण लिस्बनवरून तिकडे गेली म्हणून ती राज्याची झाली. मी त्या रात्री बंकवर पडून कितीतरी वेळ याचाच विचार करत होतो.

नात्याने तो कॅनरीचा कोणीच नाही. सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1766 मध्ये त्याची नोंद केली तेव्हा फिंचांमध्ये, म्हणजे जाड चोचीच्या दाणे खाणाऱ्या पक्ष्यांमध्ये घातला. इंग्रजीत अजूनही सॅफ्रन फिंच म्हणतात, केशरी फिंच. शास्त्रीय नाव सिकॅलिस फ्लाव्हिओला, त्यातला फ्लाव्हिओला म्हणजे पिवळुला. नंतर बरीच वर्षे तो भारीटांच्या कुळात धरला जाई. हिवाळ्यात आपल्या कापलेल्या शेतांत काळ्या डोक्याचे पिवळे भारीट येतात ना, त्यांच्यात. आता तो टॅनेजर नावाच्या अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या कुळात आहे, आणि त्याच कुळात गालापागोस बेटांवरचे ते डार्विनचे प्रसिद्ध फिंचही येतात. म्हणजे पुतण्याला सांगा, तुझा पक्षी डार्विनच्या पक्ष्यांचा भाऊबंद आहे.

ब्राझीलचा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे अॅमेझॉनचे रान येते. या पक्ष्याला रान नको. त्याला उघडे माळ, कुरणे, शेते, बागेची हिरवळ, रस्त्याची कड लागते. कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वाडोर आणि पेरूचा पश्चिम भाग, इकडे पूर्व आणि दक्षिण ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे, उरुग्वे, उत्तर अर्जेंटिना, आणि समुद्रात त्रिनिदाद. मधले घनदाट अरण्य सोडून त्याच्या भोवतीने तो पसरला आहे. जंगल तोडून कुरण केले की हा तिथे येतो.

आता घरट्याचे. हे मला सगळ्यात आवडते, म्हणून सावकाश लिहितो.

हा पक्षी झाडावर उघडे घरटे बांधत नाही. त्याला पोकळी लागते. आणि ती तो दुसऱ्याची घेतो. तिकडे एक तांबूस तपकिरी पक्षी आहे, ब्राझीलमध्ये त्याला 'जुआंव द बार्रु' म्हणतात. आपल्याकडे प्रत्येक वाड्यावर जुवांव नावाचा एक माणूस असतो, तोच जुआंव, आणि बार्रु म्हणजे चिखलमाती. मातीचा जुवांव! अर्जेंटिनात त्याला ओर्नेरो म्हणतात, म्हणजे भट्टीवाला, आणि तो त्यांचा राष्ट्रीय पक्षी आहे. आपल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भट्टीची छोटी प्रतिकृती डोळ्यांपुढे आणा. तशीच घुमटी तो चिखल, शेण आणि गवत मळून खांबावर बांधतो, नर आणि मादी मिळून. वाळल्यावर ती इतकी टणक होते की बोटाने टिचकी मारली तर मडक्यासारखी वाजते. वजन तीन ते पाच किलो भरते. दारातून आत गेले की समोर आडवी भिंत, तिला वळसा घालून मग अंड्यांची खोली. एक हंगाम राहून झाला की जोडी सहसा पुढच्या वर्षी नवी भट्टी घालते. जुनी तशीच खांबावर उभी राहते, आणि तिच्यात हा पिवळा भाडेकरू येतो. आमच्या एजंटच्या ड्रायव्हरने मला आपल्या गावी नेले होते, तिथे रस्त्याच्या कडेला एका विजेच्या खांबावर एकावर एक तीन भट्ट्या होत्या, आणि मधल्या भट्टीच्या दारात केशरी कपाळ.

त्या ड्रायव्हरच्या बापाच्या घरी दुसरे पाहिले. गोठ्याच्या वळचणीला बैलाची कवटी खिळा मारून टांगली होती. मला ते बरे वाटले नाही, दृष्ट लागू नये म्हणून असेल असे समजलो. तर म्हातारा म्हणाला, थांब. आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळाने मादी आली, चोचीत घोड्याच्या शेपटीचा एक लांब केस, आणि कवटीच्या मागच्या भोकातून आत शिरली. तिकडच्या शेतकऱ्यांत ही जुनी रीत आहे, कवटी टांगायची ती कानारियुसाठी. याशिवाय कौलांच्या खाली, बांबूच्या नळीत, दुसऱ्या पक्ष्यांच्या काटक्यांच्या घरट्यात, जिथे बोळ मिळेल तिथे तो शिरतो. पण आतली गादी मात्र मादी स्वतः करते. गवत, केस, पिसे आणून वाटी बनवते. अंडी बहुधा चार. मादी एकटी उबवते, सुमारे दोन आठवडे. पिल्ले निघाल्यावर दोघेही भरवतात, आणि पुन्हा तेवढ्याच दिवसांत ती बाहेर पडतात. दाणे खाणारा पक्षी असला तरी तेव्हा किडे-अळ्या आणतो. आपल्याकडे कोकीळ कावळ्याला फसवते तसा तिकडे एक चकचकीत काळा पक्षी आहे, तो याच्या घरट्यात अंडे घालून जातो.

पिल्ले पिवळी नसतात हेही मुलाला सांगा. तपकिरी, छातीवर रेघा, पटकन चिमणी वाटेल अशी. दक्षिणेकडच्या माद्याही तशाच राहतात. नराला पुरता पिवळा व्हायला वर्षाहून जास्त लागते, आणि तोवर तो तपकिरी अंगानेच जोडी जमवून पिल्लेही वाढवतो.

आता जे सांगणार ते मुलाला आज नाही, मोठा झाल्यावर सांगा. हा नर पहाटेपासून तारेवर बसून गातो, 'त्सिप त्सिप त्सी तित्सी' करत, न थांबता. ते गाणे म्हणजे हद्दीची हाक आहे. हा खांब माझा, ही मादी माझी. दुसरा नर हद्दीत आला तर तो अंगावर जातो. मोकळ्या आभाळात ते फार टिकत नाही, हरलेला उडून जातो आणि संपले. माणसांनी यातून पैसा काढला. गाणाऱ्या नराला पिंजऱ्यात घालून झाडाला टांगतात, शेजारी झडपेचा रिकामा पिंजरा. हद्दीवाला नर जाब विचारायला येतो आणि सापडतो. मग दोन पिंजरे तोंडाला तोंड लावून मधली फळी काढतात. एका क्रेनवाल्याने मला 'करमणूक आहे, चल' म्हणून परसात नेले होते. आपल्याकडे धीरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी लावतात तशी माणसे गोल उभी, हातात नोटा. दोन्ही पक्षी पायात पाय अडकवून तळाला पडले होते आणि एकमेकांच्या डोळ्याभोवती चोच मारत होते. बाहेर उडून जायला वाट नव्हती, त्यामुळे हरणाऱ्याला हरतासुद्धा येत नव्हते. मी निघून आलो. त्यानंतर त्या माणसाशी बोललो नाही. ब्राझीलमध्ये 1998 च्या पर्यावरण गुन्ह्यांच्या कायद्याने हा गुन्हा आहे, तरी चालतो. 2009 साली अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात एका घरावर धाड पडली, तिथे असे 150 च्या आसपास पक्षी सापडले, बहुतेक हेच.

एवढे सोसूनही जगाच्या यादीत तो धोक्यातला नाही. त्याचा मुलूख मोठा आहे आणि माणसाच्या आसपास राहायला तो भीत नाही.

मडगावचा डावा विंगर

पक्ष्यांबद्दल वाचायला आलो, पण जर्सीचा विषय निघाला म्हणून लिहितो. बाळाला हे आवडेल.

1950 मध्ये ब्राझील पांढऱ्या जर्सीत खेळायची, निळी कॉलर. त्या वर्षी विश्वचषक त्यांच्याच घरी होता, आणि माराकाना मैदानावर शेवटच्या सामन्यात उरुग्वेने 2-1 ने हरवले. अख्खा देश सुतकात गेला. ती पांढरी जर्सी लोकांना अपशकुनी वाटायला लागली. 1953 मध्ये एका वर्तमानपत्राने नव्या जर्सीची स्पर्धा लावली, अट अशी की झेंड्यातले चारही रंग हवेत, हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. जिंकला अल्दिर गार्सिया श्ली, उरुग्वेच्या सीमेला लागून असलेल्या गावचा, विशीही न गाठलेला पोरगा. पिवळा शर्ट, हिरवी किनार, निळी चड्डी, पांढरे मोजे. 1954 च्या विश्वचषकात ब्राझील त्यात उतरली. म्हणजे पिवळा रंग आला झेंड्यातून, आणि पक्ष्याचे नाव मागाहून त्या रंगाला चिकटले.

आमच्या वाड्यावर विश्वचषकात अर्धी घरे ब्राझीलची आणि अर्धी पोर्तुगालची. तारवटीकाकांचे ते 'तेर्रा' आणि 'रेइनु' वाचून मला तेच आठवले.

डिचोलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी सासरे, मी आणि पुतण्या तिघे रेंज ऑफिसात जाऊन आलो. तिथल्या गार्डने पक्षी हातात घेतला, उलटा धरून पोटावर हलकी फुंकर मारली. पिसे दुभंगली, आणि मुळाशी सगळे पांढरट. टोकेच तेवढी पिवळी. मुलाने वाकून पाहिले, आणि विचारले, 'याला दुखले असेल?' गार्ड म्हणाला, रंगवताना धरतात तेव्हा पुष्कळ मरतात, हा वाचला. मुलगा परतताना गाडीत एक शब्द बोलला नाही. सासऱ्यांना फार लागले आहे. चांगल्या मनाने घेतला होता.

रात्री काकांचे पत्र वाचून दाखवले (शेवटचा भाग सोडून). मातीच्या जुवांवापाशी दोनदा थांबवून पुन्हा वाचायला लावले. आता त्याचा प्रश्न असा, की तो खरा कानारियु आणून आपल्या बागेत सोडला तर इथे राहील का? पिंजऱ्यात नाही, मोकळा. त्याने आंब्यावर त्याच्यासाठी मडके टांगायचे ठरवले आहे.

सावईवेऱ्याचा तारवटी

राहील बाळा. तीच तर भीती आहे. माणसांनी त्याला जमैकात नेला, पोर्तो रिकोत नेला, 1960 च्या दशकात हवाई बेटांवर सोडला, आणि सगळीकडे तो टिकला. होनोलुलूला बागेच्या हिरवळीवर मी स्वतः पाहिला आहे. ऊन, गवत आणि एक भोक मिळाले की त्याला पुरते, आणि हे तिन्ही आपल्याकडे आहे. पण भोके मोजकी असतात. तुमच्या आंब्याच्या वाळक्या फांदीत तांबट पोखरून ढोली करतो. तो गेला की तिच्यात दयाळ येतो, काळा पांढरा, शेपटी उभारून पहाटे गाणारा. मातीच्या जुवांवाच्या जुन्या घरात कानारियु राहतो, तसाच हा तांबटाच्या जुन्या घरात. तिथे बाहेरून आणलेला भांडखोर भाडेकरू घुसला तर दयाळाने कुठे जायचे?

मडके मात्र नक्की टांग. तोंड आडवे ठेव, बुडाला बारीक भोक पाड म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही, आणि मांजर पोचणार नाही अशा फांदीला बांध. रोज जाऊन आत डोकावायचे नाही, लांबून बघायचे. या मे महिन्यात कोणी आला नाही तर पुढच्या वर्षी मार्चपासून लक्ष ठेव.

आणि पिवळाच हवा असेल तर आपल्या गोव्याचा राज्यपक्षी पिवळा आहे हे तुला कोणी सांगितले नाही वाटते. बुलबुल आहे तो. डोके काळे, अंग पिवळे, गळा माणकासारखा लाल. पश्चिम घाटाचे रान सोडून जगात कुठे मिळत नाही. बोंडल्याच्या अभयारण्यात भल्या सकाळी गेलास तर दिसेल. तोच आमचा 'द तेर्रा'.

डिचोलीकरीण

काका, मडके बांधून झाले. सासऱ्यांनी स्वतः शिडी लावली. बोंडल्याला रविवारी नेईन म्हणते.

मुलाचा एक प्रश्न अजून राहिला आहे, दुर्बीणवाल्या काकांसाठी. ती मनोली स्वतःच्या रंगात आल्यावर त्याला बघायची आहे. ती तीच आहे हे ओळखता येईल का?

करमळीचा दुर्बीणवाला

तीच आहे हे नाही ओळखता येणार, ताई. थव्यात सगळ्या सारख्या. पण पावसाळ्याच्या शेवटी, भात पोटरीला आले की त्याला घेऊन शेतावर या. तेव्हा मनोल्या घरटी बांधतात. एक एक लांब पाते चोचीत आडवे धरून उडतात, आणि पाते मागे शेपटीसारखे लहरत जाते. पाठ वळली की कंबरेवर पांढरा चौकोन दिसेल. तो दिसला की समजायचे. दुर्बीण माझी वापरा, पहाटे साडेसहाला तळ्याच्या बांधावर असतो.